उताराची गादी

मारेगावात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जेवढी लग्नं लागली, त्यातल्या निम्म्या गाद्यांवर नवरानवरीच्या आधी रहमत पिंजारी झोपून गेलेला होता. यात चावटपणा काही नव्हता, तो त्याच्या धंद्याचा कायदा होता. रुई पिंजली, खोळीत भरली, बायको गुलनारने दाभणाने टाके घातले, की रहमत अंगावरची धूळ झटकायचा, टोपी खुंटीला लावायचा आणि त्या नव्या गादीवर उताणा पडायचा. पाठीला कुठे गोळा लागतो, कमरेखाली कुठे खड्डा पडतो, ते बोटांना कळत नाही, पाठीलाच कळतं, असं त्याचं म्हणणं. पाच मिनिटं डोळे मिटून पडायचा आणि उठून मान हलवायचा. त्याशिवाय गादी दुकानाचा उंबरा ओलांडत नसे. गावातले टवाळ म्हणायचे, या रहमतने झोपून झोपून संसार केला.

ते खरंच होतं, पण कसं ते एकट्या गुलनारला ठाऊक होतं. दिवसभर पिंजायच्या मशीनचा घरघराट, दोघांच्या तोंडाला बांधलेली फडकी, दारात गिऱ्हाईक, आणि पंधरा वर्षं तर घरात सासूबाई, ज्यांना भिंतीपलीकडची कुजबुजही ऐकू यायची. नवराबायकोने बोलायचं कधी? तर आडवं पडल्यावर. रात्री दोघं एका गादीवर उताणी पडायची, वर टिनाच्या छपराकडे बघायची, आणि मग हलक्या आवाजात दिवसभराचं सगळं निघायचं. पोरगी रुबीना ढाणकीला द्यायची की नाही, ते असंच ठरलं. रहमतचा धाकटा भाऊ गेला तेव्हा तो चारचौघांत रडला नाही, आडवा पडल्यावर रडला. समोरासमोर बसवलं तर दोघं मुक्यासारखी. एकमेकांचं तोंड दिसत नसलं की मात्र पोटातलं ओठावर यायचं. सव्वीस वर्षं हे असंच चाललं.

मग खर्रा आडवा आला. तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेला तो खर्रा रहमत दिवसाकाठी चार-पाच वेळा गालात धरायचा. पिंजाऱ्यांमध्ये एक समजूत होती, तोंडात काहीतरी धरलेलं असलं की रुईची धूळ घशाखाली उतरत नाही. धूळ उतरली नसेलही, पण त्या सालच्या उन्हाळ्यात रहमतच्या घशाखाली भाकर उतरेना. आधी भाकर अडली, मग भात, मग डाळीचं पाणीसुद्धा थांबून थांबून जाऊ लागलं. गुलनार म्हणायची, दवाखान्यात चला. तो म्हणायचा, लग्नसराई होऊ दे. ती कापसाची पडती वर्षं होती, गावात लग्नंच मोजकी होत होती, आणि जी होत होती त्यातली निम्मी वणीहून फोमच्या गाद्या आणत होती. तरीही त्याला लग्नसराईची वाट बघायची होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते उगीच नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी आधी औषधं आणि विजेचे शेक दिले, मग कागदावर चित्र काढून दोघांना समजावलं. अन्ननलिकेत गाठ आहे, म्हणून अन्ननलिकाच काढायची. मग जठराची लांब नळी करायची, ती छातीतून वर ओढायची आणि इथे, गळ्यापाशी, जोडायची. रहमत चित्राकडे बघतच राहिला. गुलनारला मात्र लगेच कळलं. खोळीचा कुजलेला तुकडा कापून टाकायचा आणि खालचं कापड ओढून वर शिवून घ्यायचं. तिने आयुष्यभर तेच केलं होतं. फक्त ओढून शिवलेलं कापड नेहमी ताणलेलं राहतं, हेही तिला माहीत होतं, आणि ते ती कोणाला बोलली नाही.

ऑपरेशन आठ तास चाललं. रहमत वाचला. गळ्यावर, छातीवर आणि पोटावर अशा तीन जागी टाके घेऊन, पंधरा किलो वजन नागपुरात ठेवून तो घरी आला. आवाज बसला होता. गळ्यातली एक नस दुखावली आहे, भरून येईल किंवा येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दिवसातून सहा वेळा वाटीवाटीने खायचं. जेवताना पाणी प्यायचं नाही. वाकायचं नाही, म्हणून नमाजही खुर्चीवर बसून. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली: आता पोटाच्या तोंडाला झडप राहिलेली नाही, सपाट झोपलात तर पोटातलं वर येईल आणि झोपेत छातीत उतरेल. जन्मभर डोकं आणि छाती वर ठेवूनच झोपायचं. जन्मभर म्हणजे किती, ते रहमतने विचारलं नाही आणि डॉक्टरांनीही सांगितलं नाही.

घरी बाज काढली. तिच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. बाज एका माणसाची, म्हणून गुलनार खाली जमिनीवर. पण बाजेची दोरी ढिली, आणि रहमतचं अंग हलकं. तासाभरात तो घसरत घसरत पायथ्याला गोळा व्हायचा. गुलनार उठायची, काखेत हात घालून त्याला वर ओढायची, परत आडवी व्हायची, परत उठायची. शेवटी ती भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायला शिकली.

पिंजाऱ्याने हार मानली नाही. आपल्यासाठी आपणच उताराची गादी करतो म्हणाला. डोक्याकडे उंच, कमरेकडे निमुळती. त्याने पहिल्या वेचणीची रुई घेतली, दोनदा पिंजली, ढगासारखी फुगवली आणि भरली. आठव्या दिवशी ती गादी भाकरीसारखी चपटी झाली. दुसरी केली, तिची तीच गत. तिसरीत जास्त रुई कोंबली, ती पंधरा दिवस टिकली. वैद्याचंच पोर आजारी, तशातला प्रकार. गावभराला झोपवणारा माणूस स्वतः मात्र रात्रभर घसरत होता.

आणि बोलणं बंद झालं. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. तो वर बाजेवर, ही खाली भिंतीला टेकून, आणि त्याचा बसलेला आवाज बाजेच्या कडेवरून खाली पोहोचतच नव्हता. सुरुवातीला ती विचारायची, "काय म्हनलं?" तो म्हणायचा, काही नाही. मग तिने विचारणं सोडलं आणि त्याने म्हणणं. गुलनारला दिवसभर काम होतं, तेव्हा काही वाटायचं नाही. पण निजानीज झाली की तिच्या उजव्या अंगाला, जिथे सव्वीस वर्षं तो असायचा, तिथे गार वाटायचं. मे महिन्यातसुद्धा. नवरा दोन हातांवर जिवंत असताना त्याची इतकी आठवण यावी याची तिला लाज वाटायची, पण आठवण यायची थांबत नव्हती.

असे दहा महिने गेले. मग मारोतराव आणि विमलताई आले. जवळच्याच खेड्यातले शेतकरी, त्यांच्या सोनूचं लग्न ठरलं होतं. घरच्या शेतातला कापूस त्यांनी जिनिंगमधून रुई करून आणला होता. मारोतराव म्हणाले, बाजारात फुकापासरी देण्यापेक्षा पोरीच्या पाठीखाली जाऊ द्या. विमलताईंची एकच अट होती, गादी रहमतभाऊंच्याच हातची पाहिजे, फोम-बीम नको. रहमतचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. मशीन गुलनारने चालवली, रुई त्याने बसल्या बसल्या हाताने चाचपली आणि भरली, टाके तिने घातले. दोघांची मोठी गादी, लाल पट्ट्यांच्या गादीपाटाची खोळ. चार दिवसांत ती दुकानाच्या फरशीवर पसरली गेली, तेव्हा गुलनारलाही वाटलं, आजवरच्या सगळ्या गाद्यांत हीच देखणी.

दुसऱ्या दिवशी दुपारी रहमतला त्याची वाटीभर खिचडी खाऊ घालून ती दलिया दळायला चक्कीवर गेली. तिथे लाइट गेली. तेव्हा लाइट दिवसातून दोन-तीनदा जायचीच. दळण अर्ध्यात राहिलेलं, म्हणून ती थांबली. तास-सव्वा तासाने घरी आली तेव्हा दुकानात मशीन गप्प होती, रहमतची टोपी खुंटीला होती, आणि तो नव्या गादीवर सपाट उताणा पडलेला होता. तोंडाच्या कडेने हिरवट कडू पाणी वाहत होतं. छातीत भांड्यात पाणी उकळल्यासारखा आवाज येत होता. ओठ जांभळे पडले होते. गुलनारच्या हातातून दलियाची पिशवी कुठे पडली ते तिला कळलं नाही. तिने त्याला ओढून बसवलं, त्याच्या मागे स्वतःची पाठ लावली आणि तशीच बसून गल्लीतल्या माणसांना हाका मारत राहिली.

यवतमाळच्या दवाखान्यात अकरा दिवस काढले. चौथ्या दिवशी त्याच्या नाकावरची नळी निघाली, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, सपाट झोपायचं नाही हे तुम्हाला सांगितलं नव्हतं का? रहमत भिंतीकडे बघत राहिला. बाई चांगल्या होत्या, त्यांनी आवाज चढवला नाही. त्या गुलनारला बाजूला घेऊन म्हणाल्या, या वेळी निभावलं, पुन्हा असं झालं तर निभावेलच असं मी सांगू शकत नाही. त्याच वॉर्डात दोन खाटा सोडून फवारणीचं औषध प्यालेला एक माणूस होता. त्याची बायको येईल त्याला एकच गोष्ट सांगायची. तिचा नवरा आदल्या दिवशी फक्त एवढंच म्हणाला होता, की लई थकलो.

ते ऐकल्यापासून गुलनारच्या मनात किडा शिरला. रहमतला सगळं माहीत होतं. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं, आणि तिने दोनशेदा. तरी तो पडला, तेही पोटात खिचडी असताना, ती घरात नसताना. माणूस जगायला कंटाळला की कसा वागतो? असाच वागत असेल. तिने दोन दिवस तो प्रश्न गिळला, आणि तिसऱ्या दिवशी, वॉर्डात कोणी ऐकत नाही असं बघून, विचारला.

"तुमी जानून पडलते का?"

रहमतने तिच्याकडे बघितलं. त्याचे ओठ हलले. मग शेजारच्या खाटेवरच्याचे नातेवाईक आले आणि त्याने तोंड फिरवलं. घरी परतेपर्यंत तिला उत्तर मिळालं नाही, आणि समोरासमोर पुन्हा विचारायचं धैर्य तिला झालं नाही.

पण त्या अकरा दिवसांत तिने एक गोष्ट हेरली होती. दवाखान्याची खाट लोखंडी दांडा फिरवला की डोक्याकडून उभी व्हायची, गुडघ्यांखालीही थोडी उचलली जायची, आणि रहमत तिच्यावरून बोटभरही घसरला नव्हता. गुलनारने चादर वर करून गादी दाबून पाहिली. फळीसारखी टणक. मऊपणाचा लवलेश नाही. पिंजाऱ्याची बायको ती, गादीची भाषा तिला बोटांनी समजायची. तिला आपल्या नवऱ्याची चूक तिथे उभ्या उभ्या कळली. जन्मभर त्याने मऊ रुईलाच चांगली रुई म्हटलं होतं, आणि तीच त्याला दगा देत होती.

घराच्या मागच्या खोपटात पोत्यांत भरून एक माल पडलेला असायचा. लोक जुन्या गाद्या पुन्हा पिंजायला आणायचे, त्यातून निघालेली, वर्षानुवर्षं दबून गठ्ठे झालेली, पिंजूनही न फुलणारी रुई. रहमत तिला मेलेली रुई म्हणायचा. दुसरे पिंजारी ती गुपचूप नव्या गादीच्या पोटात घालायचे. रहमतने मात्र दुश्मनाच्या गादीतही तिचा बोळा घातला नव्हता, आणि याचा त्याला नमाजाइतका अभिमान होता. गुलनारने तीच पोती सोडली.

रोज दुपारी रहमत पुढे खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचा, आणि ती मागे खोपटात बसायची. त्याने विचारलं तेव्हा खोपटं साफ करून राह्यली म्हणाली. खोटं बोलण्यात तिचा हात नव्हता, पण तेवढं जमलं. मेलेली रुई तिने थरावर थर रचली, पायांनी तुडवली, पुन्हा रचली. डोक्याकडे दीड हात उंची धरली, कमरेपर्यंत उतरती केली, आणि गुडघे येतील तिथे आडवा लोड शिवूनच टाकला, म्हणजे अंग खाली सरकायला गेलं तर तिथे अडेल. टाके बोटबोट अंतरावर घातले. दोन दाभणं मोडली. मधे एकदा विमलताई सोनूची गादी न्यायला आल्या. गुलनारने त्यांच्यापासून काही लपवलं नाही. खोळ बदलली आहे, वरचा रुईचा थर काढून नवा घातला आहे, तरी नको असेल तर राहू द्या, असं सांगितलं. विमलताई थोडा वेळ गादीवर हात फिरवत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, रहमतभाऊ झोपल्याशिवाय गादी बाहेर पडते का कधी? आणि गाडीवाल्याला गादी उचलायला सांगितलं.

शुक्रवारी रहमत जुम्म्याची नमाज पढून आला. तो येईपर्यंत गुलनारने आतल्या खोलीतली बाज बाहेर काढून विटा उचलून टाकल्या होत्या, आणि बाजेच्या जागी जमिनीवर ती गादी ठेवली होती. रहमत दारातच थबकला. मग जवळ येऊन, न वाकता, भिंतीला धरून खाली बसला आणि त्याने गादीत अंगठा रोवला. अंगठा रुतला नाही. त्याला ओळखायला क्षणही लागला नाही.

"ही मेलेली रुई हाय," तो म्हणाला.

"हाय."

"माह्या घरात?"

"तुमच्याच घरातली हाय. तुमची जिती रुई तुमाले रोज खाली सोडते. हे सोडनार नाई."

रहमत रागावला. बसलेल्या आवाजात राग धड निघत नाही, नुसता घरघरतो, आणि ते त्याला स्वतःलाही कळत असावं, कारण तो लवकरच गप्प झाला. तिने त्याला सांगितलं ते इतकंच, की दवाखान्याची गादी याहून टणक होती, आणि तिच्यावर तुम्ही अकरा दिवस हलला नाहीत. तो गादीच्या कडेने हात फिरवत राहिला. टाके तपासले. टाक्यांत खोट काढायला त्याला काही सापडलं नाही. मग त्याने सवयीने वीत टाकून रुंदी मोजली, एकदा मोजली, पुन्हा मोजली, आणि कपाळाला आठी घातली.

"एका मानसाले येवढी रुंद कायले?"

गुलनार दाराच्या चौकटीला धरून उभी होती. इतक्या महिन्यांत गिळलेलं बरंच सांगायचं होतं, पण तोंडातून निघालं ते साधंच.

"मंग मले कुठं झोपाचं?"

रहमतने टोपी काढली, गादीवर पाठ टेकली, आणि गुडघे लोडावर चढवले. अंग घसरेल म्हणून हात आपोआप कडेला गेला, पण घसरलं नाही. थोड्या वेळाने त्याने हात सोडला. गुलनारने दुकानाचं दार लावून घेतलं, हात पदराला पुसले आणि त्याच्या उजव्या अंगाला येऊन पडली. हे आडवं पडणं नव्हतंच धड. छपराऐवजी समोरची भिंत दिसत होती, खिडकीतून अंगणातली दोरी आणि तिच्यावर वाळणारा रहमतचा सदरा दिसत होता. तिच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. पण त्याचा दंड तिच्या दंडाला लागला होता, आणि तो ऊन होता. दोघं तशीच समोर बघत राहिली.

"गुलनार," तो म्हणाला. आवाज तोच बसलेला, पण आता तिच्या कानापासून वीतभरावर होता, शब्द न् शब्द ऐकू येत होता. "त्या दिवशी मी मराले नव्हतो पडलो."

ती हलली नाही. हललं तर तो थांबेल अशी तिला भीती वाटली.

"मले मालूम होतं पडाचं नाई म्हनून. म्हनलं, दोन मिनिटं. तू चक्कीवरून येशील, अन् मले तसं पाहून आधी बोंबलशील, मंग..." तो अडखळला. श्वास घेतला. "अर्ध्याच गादीवर पडलतो मी. तुही बाजू सोडून. डोळे मिटले, तं वाटलं तू हाय बाजूले. बोलून राह्यलतो तुह्यासंगं. कवा झोप लागली, समजलंच नाई."

"काय बोलून राह्यलते?"

"हेच. का मले भेव वाटते. नागपूरले पुढच्या महिन्यात तपासाले बलावलं, त्याचं भेव वाटते. बाजेवरून सांगता येत नव्हतं."

गुलनारला बोलायचं होतं, मलाही वाटते म्हणायचं होतं, पण आधी डोळ्यांतून पाणीच आलं. सव्वीस वर्षं ती या माणसाच्या शेजारी अंधारात सपाट पडून कितीतरी वेळा रडली होती. सपाट पडून रडलं की पाणी बाजूने कानांत उतरतं, केसांत जिरतं, शेजारच्याला पत्ता लागत नाही. आज उतारावर ते सरळ गालांवरून हनुवटीपर्यंत आलं. भरदुपारचा उजेड होता. रहमतने मान वळवली, आणि त्याला ते दिसलं.